'थांबवून' या शब्दाविषयी

शिरूर अनंतपाळ,
सोमवार, दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपमाला हिस,
गुरुपादप्पाचा आशीर्वाद.

संगमेशने ३० नोव्हेंबर रोजी तुझ्या वडिलांना, म्हणजे रेवणप्पांना, जे दोन पानी पत्र पाठविले, त्यातील चार विधाने चुकीची आहेत. मुलाच्या पत्रातील चुका सासऱ्याने सुनेला कळवाव्यात, ही जगाची रीत नाही, हे मी जाणतो. परंतु दिसलेली चूक तशीच सोडून देणे ही माझी रीत नाही. छत्तीस वर्षे मराठी शिकविल्यानंतर ती आता बदलणार नाही.

पहिले विधान : 'आईच्या पायाचे ऑपरेशन राखी पौर्णिमेला झाले.' ते बुधवार, २१ ऑगस्ट रोजी झाले. पौर्णिमा सोमवारी होती. शिवाय त्याला ऑपरेशन म्हणणे सैल आहे. डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, कारण मांडीतील रोहिणी अरुंद झाली होती. जांघेतून तार घालून ती फुग्याने रुंद केली आणि आत जाळी बसविली. टाका एकही घातला नाही.

दुसरे विधान : 'दीपमालाने त्या दिवशी सकाळी कोणाला न विचारता गोळी दिली, म्हणून आईच्या जांघेत रक्त साकळले.' हे असत्य आहे. ती गोळी द्यावी, असे डॉक्टरांनीच आदल्या दिवशी सांगितले होते. तार आत असताना तिच्याभोवती रक्त गोठू नये म्हणून टेबलावर आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते आणि रक्त गोठण्यास किती वेळ लागतो, हे मधूनमधून मोजावे लागते. डॉक्टर मला म्हणाले होते, "गुरुजी, जास्त पातळ झालं तर वाहतं, कमी झालं तर गोठतं. आम्ही दोरीवर चालून राहिलो." 'चालून राहिलो' हा प्रयोग सदोष आहे; आशय निर्दोष आहे. रक्त साकळले ते दुपारी. सहा तास पाय सरळ ठेवावयाचा असताना तुझी सासू जगदेवी इष्टलिंगाच्या पूजेसाठी उठून बसली. तू त्या वेळी तुझ्या मुलीला, अक्षराला, शाळेतून आणावयास गेली होतीस.

तिसरे विधान : 'दीपमालाने दहा दिवस गोळ्या बंद ठेवल्या.' दहा नव्हे, चार. शनिवार १४ सप्टेंबरला सकाळी जगदेवीच्या हिरड्यांतून रक्त आले. त्या सकाळपासून मंगळवार १७ च्या संध्याकाळपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद होत्या. मधे रविवार, ईद आणि मुक्तिसंग्राम दिन आले. तू शनिवारीच दवाखान्यात तीन वेळा फोन केलास. मी शेजारी खुर्चीवर होतो. पलीकडची मुलगी तिन्ही वेळा म्हणाली, "सर हैद्राबादला गेलेत, बुधवारी घेऊन या." बुधवारी सकाळी पाय गार पडला होता.

चौथे विधान : 'स्वतःच्या मनाने बंद केल्या.' तू मनाने काहीही केले नाहीस. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी जो तक्ता लावला होता, त्यात लिहिल्याप्रमाणे केलेस. तो तक्ता आता उपलब्ध नाही. तो कोणी लिहिला, हा प्रश्न येथे गौण आहे.

जगदेवीची प्रकृती : जखम भरली आहे. जो पाय नाही त्याची बोटे खाजतात, असे म्हणते. दुपारी मला सांगते, "अवो, जरा आंगठा चोळा की." मी चादरीवर तेथे हात फिरवितो. मग म्हणते, "हाव, तितंच."

तुझे नाव निघाले की मात्र तोंड फिरविते.

उत्तर पोस्टकार्डावर लिहू नये. पोस्टमन वाचतो.

गुरुपादप्पा हलकुडे


शिरूर अनंतपाळ,
रविवार, दि. २२ डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपमाला हिस,
आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी पोहोचले. नऊ ओळी आहेत. मला पाठ झाल्या आहेत, तरी पुन्हा येथे उतरवितो, म्हणजे मी त्यांतील एकही शब्द टाळला नाही, हे तुला दिसेल.

"मामा, चार चुका काढल्या, पाचवी तुमच्यापाशीच ठेवली. तक्ता कुणी लिहिला ते आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आत्याबाई येईल त्याला दाखवायच्या, बघा आमच्या गुरुजींचं अक्षर. सगळ्यांनी अक्षर बघितलं, वाचलं कुणी नाही. मला संगमेशकडे परत जायचं नाही. अक्षरासाठी मी वकील बघितला आहे, तुम्ही त्यात पडू नका. मला तुमच्याकडून एकच पाहिजे. आत्याबाईला खरं सांगा. मी पाय घालवला असं समजून त्या जाऊ नयेत. माझ्या चिठ्ठीतल्या चुका काढून झाल्या असतील तर एवढं करा."

चुका तीन आहेत. त्या सांगत नाही.

तक्ता मी लिहिला. शनिवार, २४ ऑगस्ट रोजी सकाळी, पांढऱ्या कार्डशीटवर, बोरूने. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा सिस्टरने एक पिवळे कार्ड दिले होते. लहान कार्ड, तिरके अक्षर, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. असले कार्ड भिंतीवर लावणे मला सहन झाले नसते. मी ते शुद्ध करून मोठ्या अक्षरांत लिहिले.

त्या कार्डाची शेवटची ओळ अशी आहे :

हिरडितून नाकातून रक्त आले तर गोळ्या थांबवू न
का फोन करा

कार्डाची कड आली म्हणून सिस्टरने 'नका' हा शब्द तोडला आणि 'का' खालच्या ओळीवर नेले. मी वाचले ते असे : 'थांबवू' आणि 'न' हे दोन शब्द नसून 'थांबवून' हे एकच पूर्वकालवाचक धातुसाधित आहे, अशिक्षितपणे तोडून लिहिलेले. राहिला 'का'. आपल्या भागात 'की' ऐवजी 'का' घालून 'झालं का फोन करा' असे सर्रास म्हणतात. मी त्याला बोलीतली सवय समजलो आणि गाळला. तक्त्यावर लिहिले : 'हिरडीतून वा नाकातून रक्त आल्यास गोळ्या थांबवून फोन करावा.' 'वा' घातला, 'हिरडी' दीर्घ केली, 'करा' चे 'करावा' केले. त्या वाक्यात आता शुद्धलेखनाची एकही चूक उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला ठाऊकच आहे, पण मी लिहिलेली नाही. १४ सप्टेंबरच्या सकाळी तू तक्त्यापुढे उभी राहून मला विचारलेस, "मामा, खरंच थांबवायची का? सिस्टर तर तोंडानं म्हणल्या होत्या, काही झालं तरी बंद करू नका." तुझ्या हातात दोन्ही गोळ्या होत्या. मी म्हणालो, "बोललेल्यापेक्षा लिहिलेले प्रमाण मानावे." तू गोळ्या परत पाकिटात सरकवल्यास. जगदेवी आतून म्हणाली, "आगं, गुरुजी म्हनतेत ना? त्यायचं कदी चुकतंय का?"

बुधवारी दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शन चालू केले, पुन्हा तार घातली, गुठळी विरघळते का पाहिले. त्या धावपळीत त्यांनी विचारले, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" सिस्टर म्हणाली, "मी तर 'थांबवू नका' लिहून दिलं होतं." माझ्या खिशात पिवळे कार्ड होते. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचले. त्या वेळी प्रथमच ते वाक्य मला नीट वाचता आले. संगमेशने तुझ्याकडे पाहिले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी, जगदेवीची फाईल घरी राहिली आहे, असे सांगून रिक्षाने घरी गेलो. फाईल माझ्या पिशवीतच होती.

डॉक्टर नंतर असेही म्हणाले होते की, गोळ्या चालू असत्या तरी गुठळी झालीच नसती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. हे वाक्य मी तीन महिने जपून ठेवले आहे. रोज काढून पाहतो. त्याने काही होत नाही.

२१ ऑगस्टविषयी मी मागील पत्रात लिहिले की, जगदेवी 'उठून बसली'. ती आपली आपण कशी बसेल? मी पाठीशी उशी लावून बसविले. पूजेची वेळ टळत होती.

आणि संगमेशचे पत्र. ते पाठविण्यापूर्वी त्याने माझ्याकडे आणून दिले होते. "अप्पा, जरा शुद्धलेखन बघा. सासरे लोकांत वाचून दाखवतील, हसं नको." मी लाल पेनाने अकरा चुका दुरुस्त केल्या. चार विधानांना हात लावला नाही. 'मनाणे' असे त्याने लिहिले होते, 'मनाने' मी केले.

तक्ता माझ्याजवळ आहे. शोधून पाठवितो. जगदेवीला सांगण्याविषयी : सांगेन. योग्य वेळ पाहतो आहे.

गुरुपादप्पा


शिरूर अनंतपाळ,
शनिवार, दि. ४ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,
आशीर्वाद.

तुझे काम झाले.

सोमवारी, ३० डिसेंबरला, वेळ अमावस्या होती. आपल्याकडचे लोक 'येळवस' म्हणतात. सगळी गल्ली आंबिलाची मातीची बिंदगी घेऊन शेतात गेली होती. जगदेवी प्रथमच घरी राहिली. शेजारच्या धुरपताबाईने मिसळ भाज्यांच्या भज्जीचा डबा ठेवला होता, पण तिने झाकणही उघडले नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हते. मी तिच्या खाटेशेजारी बसून पिवळे कार्ड दाखविले आणि आरंभापासून सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. दीपमालाला बोलावून घ्या. तिला पाहण्याची माझी इच्छा आहे."

तेव्हा तू यावेस. रविवारी, १२ तारखेला, दुपारच्या आत. मुखेडहून उदगीरला येऊन तेथून गाडी मिळते. संगमेश त्या दिवशी येणार नाही. मी खात्री करून घेतली आहे.

तक्ता अद्याप सापडला नाही.

गुरुपादप्पा


शिरूर अनंतपाळ,
रविवार, दि. २६ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार आता मजकडे आहे, असे मला वाटत नाही. म्हणून तो शब्द गाळला आहे.

जगदेवी शुक्रवारी, १७ जानेवारीला लिंगैक्य झाली. तुला संगमेशने कळविले नाही, हे रेवणप्पांच्या फोनवरून समजले. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरीला तोंड तरी बघू द्यायचं होतं." तू तोंड पाहून गेली होतीस, त्याच्या पाच दिवस आधी. काय पाहून गेलीस, ते त्यांना ठाऊक नसावे. तू सांगितले नसावेस.

बारा तारखेला तू उंबऱ्यात उभी होतीस. हातात धपाट्यांचा डबा होता. "आत्याबाई," म्हणालीस. जगदेवी मान वळवून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हिला कुनी बोलावलं? ऱ्हायलेला पाय न्यायला आली का?" तू माझ्याकडे पाहिलेस. सप्टेंबरात दवाखान्यात पाहिले होतेस, तसेच. मी दिनदर्शिकेचे पान नीट करीत होतो. तू डबा खाली ठेवलास. "येते मामा," म्हणालीस. तू अर्ध्या गल्लीत असशील, तेव्हा जगदेवी म्हणाली, "डबा कुत्र्याला घाला." तो मी घातला नाही. धपाटी मी खाल्ली. तीन दिवस पुरली.

त्या क्षणी तू काय समजलीस, याचा मी पुष्कळ विचार केला. तू हेच समजलीस की, हिला सगळे खरे ठाऊक आहे आणि तरीही ही मला उंबऱ्याच्या आत घेत नाही. कारण मी तसे लिहून दिले होते आणि माझे लिहिलेले तू आजवर प्रमाण मानीत आलीस.

अंत्यविधीच्या तिसऱ्या दिवशी मी संगमेशला समोर बसवून सर्व सांगितले. कार्ड दाखविले. त्याने ते वाचले, उलटून पाहिले आणि परत दिले.

"अप्पा, ह्यावर तर 'नका' असंच हाय."

"होय. मी ते 'थांबवून' असे वाचले."

"तुम्ही?" तो हसला, खरोखर हसला. "आख्खा तालुका तुमच्याकडून अर्ज तपासून नेतो, अन् तुम्हाला 'नका' वाचता आलं नाही? कोण मानंल? तिच्यासाठी खोटं नका बोलू अप्पा. ती मुखेडहून फोन करून राहिली का तुम्हाला?"

"तक्ता मी लिहिला होता."

"लिहिला होता, मी बघितला होता. चांगला लिहिला होता. मग कुठंय तक्ता? तिनंच फाडला ना? चूक तक्त्यात असती, तर तिनं जपून नसता का ठेवला?"

त्याचा तर्क निर्दोष आहे. मी त्याला तर्क करावयास शिकविले. कार्ड तुझ्या विरुद्ध साक्ष देते आणि तक्ता नाही. राहिला माझा शब्द. आणि माझ्या हातून चूक होत नाही, अशी माझी ख्याती असल्यामुळे, मी चूक केली, या माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

कार्ड सोबत जोडले आहे. हे पत्र तुझ्या वकिलास द्यावयाचे असल्यास दे. प्रत्येक पानावर स्वाक्षरी केली आहे. उपयोग होईल, असे आश्वासन देत नाही. संगमेश म्हणतो, शोकामुळे माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि तसे तो सांगणार आहे.

या प्रकरणात अनेकांनी अनेक तारखा सांगितल्या आहेत. माझ्या तीन पत्रांतही चुका आहेत. खालील तारखा अंतिम समजाव्यात.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. डाव्या पायाच्या रोहिणीत जाळी बसविली. सकाळची गोळी दीपमालाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिली.

२४ ऑगस्ट, शनिवार. तक्ता लिहिला. लेखक : गुरुपादप्पा हलकुडे. अन्य कोणाचाही हात नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार. गोळ्या बंद. दीपमालाने शंका विचारली होती. बंद करण्याची आज्ञा माझी.

१८ सप्टेंबर, बुधवार. पाय गार पडला. मी त्याच दिवशी दुपारी घरी जाऊन तक्ता भिंतीवरून काढला व शब्दकोशात ठेवला. 'दीपमालाने फाडला' हे असत्य.

२१ सप्टेंबर, शनिवार. पाय गुडघ्याच्या वर कापला.

२९ सप्टेंबर, रविवार. संगमेशने दीपमालाला एका पिशवीसह मुखेडच्या बसस्थानकावर सोडले. 'ती स्वतःहून माहेरी गेली' हे असत्य. पिशवी मी गाडीत ठेवली होती.

६ ऑक्टोबर, रविवार. मुखेडला दोन्ही घरांची बैठक. रेवणप्पांनी सर्वांसमक्ष विचारले, "गुरुजी, तक्ता कुठाय?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." ठाऊक होते.

७ ऑक्टोबर, सोमवार. तक्ता पाणी तापविण्याच्या बंबात घातला. २२ डिसेंबर व ४ जानेवारी या दोन्ही पत्रांत त्याविषयी जे लिहिले, ते असत्य.

३ डिसेंबर, मंगळवार. 'संगमेशचे पत्र ३० नोव्हेंबरला गेले' हे माझेच विधान चुकीचे. वर तारीख ३० आहे. पाकीट ३ तारखेला टपालात पडले. मधले तीन दिवस ते दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर होते.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या. जगदेवीला काहीही सांगितले नाही. कार्ड खिशातून बाहेर काढले नाही. तिच्या तोंडी घातलेले वाक्य माझे आहे. 'पाहण्याची माझी इच्छा आहे' असे ती अठ्ठेचाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. हे तुझ्या लक्षात यावयास हवे होते, पण तू माझ्या लिहिण्यात चुका शोधीत नव्हतीस.

१२ जानेवारी २०२५, रविवार. दीपमाला आली. जगदेवी जे बोलली, ते सत्य माहीत नसताना बोलली. सत्य माहीत असते तर काय बोलली असती, हे कोणालाही सांगता येणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी आठच्या सुमारास जगदेवीने पाणी मागितले. दोन घोट घेऊन म्हणाली, "दिपीला म्हनावं, जाऊ द्या. मी सोडून दिलं. लेकरू हाय, चुकलं आसंल." मी पेला खाली ठेवला. ती दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेली. त्या दोन तास चाळीस मिनिटांत ती पूर्ण शुद्धीवर होती, तिला ऐकू येत होते आणि खोलीत आम्ही दोघेच होतो.